मोडलेल्या वाड्यांचे सामान

नाशिकच्या जुन्या गावठाणात एखादा वाडा उतरवला जातो, तेव्हा त्याचे सामान ठरावीक क्रमाने बाहेर पडते. प्रथम कौले निघतात, मग वासे, मग कडीपाटाच्या फळ्या, त्यानंतर तुळया आणि सरतेशेवटी खांब. खांब हलले की त्यांच्याखाली शतकभर अंधारात बसलेले दगडी तळखडे उन्हात येतात. माती आणि विटांचा चुरा ट्रॅक्टरमधून भरावासाठी जातो. लाकूड जाते जुन्या सामानाच्या वखारीत. पूर्वी तेथून ते सुतार घेऊन जात, त्याची नवी दारे-खिडक्या करीत, आणि उरलेले हमामखान्याच्या चुलीत जाई.

आता वखारीत गिऱ्हाईक बदलले आहे. घराची अंतर्गत सजावट करून देणारे तरुण तेथे येतात, गंगापूर धरणाच्या बाजूला शेतघर बांधणारे हौशी लोक येतात, हॉटेलवाले येतात. वाड्याचा खांब मग एखाद्या सदनिकेच्या दिवाणखान्यात उभा राहतो. वरचे छत सिमेंटचे असल्यामुळे त्याच्या डोक्यावर कसलाच भार नसतो. आयुष्यभर राबलेला माणूस निवृत्त होऊन बसावा तसा तो नुसता उभा असतो. दिंडी दरवाजा आडवा टाकून, वर काच बसवून, त्याचे जेवणाचे मेज करतात. घंगाळात फुलांच्या पाकळ्या तरंगतात, जात्यावर शोभेचे झाड बसते, कंदिलात विजेचा दिवा लागतो. या साऱ्या थाटाला ‘रस्टिक’ असे नाव आहे. आपण त्याला गावरान बाज म्हणू या.

नव्या घराला आशीर्वाद देण्याच्या निमित्ताने मला अशी घरे पाहावयास मिळतात. या आवडीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. चांगला साग चुलीत जाण्यापेक्षा दिवाणखान्यात गेलेला केव्हाही बरा. परंतु “हा खांब कोठला?” असे विचारले असता यजमान बहुधा किंमत सांगतात, गाव सांगत नाहीत. जुने वापरून नवे घर सजवणे ही काही आजची गोष्ट नव्हे. त्या रिवाजाचा इतिहास मोठा आहे, आणि तो सर्वस्वी निष्पापही नाही.

वाड्याच्या बांधणीतच त्याच्या पुनर्जन्माची सोय होती. (हा शब्द धर्मगुरूच्या लेखणीतून उतरलेला पाहून कोणी दचकू नये.) नाशिकच्या पश्चिमेस पेठ आणि सुरगाणा, त्यांच्यापलीकडे आज गुजरातेत असलेले डांग. हा सागाचा मुलूख. तेथील रानात हळूहळू वाढलेल्या झाडाच्या गाभ्याचे लाकूड घट्ट आणि तेलकट असते. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. सुतार घर ‘खणां’त मोजीत. दोन खांबांमधले अंतर तो एक खण. तुळई खांबावरील हस्तावर टेकायची, कड्या तुळईवर, पाट कड्यांवर; सांधे खाचेत बसवलेले आणि लाकडाच्याच खुंट्यांनी पक्के केलेले. लोखंडी खिळा फार थोड्या जागी. त्यामुळे वाडा पाडावा लागत नसे, तो उतरवता येई; अंगावरचे दागिने उतरवावेत तसा. भावाभावांत वाटणी झाली तरी खणांच्या हिशेबाने होई, आणि धाकट्याने गावाबाहेर नवे घर बांधले तर त्याच्या वाट्याच्या तुळया बैलगाडीत घालून तो घेऊन जाई. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि रानातला साग परवान्याखेरीज मिळेनासा झाला. तेव्हापासून जुन्या लाकडाला अधिकच मोल आले. तसल्या जाडीची तुळई नवीन घेऊ म्हटले तर आज मिळणे कठीण, कारण ती देणारे झाडच उरलेले नाही.

लाकडाची गोष्ट निदान डोळ्यांना दिसते. मातीची दिसत नाही. आपल्याकडे शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे पडली, त्यांच्यावर नवी उठली, चुलींची राख आणि गुरांचे शेण त्यात मिसळले, आणि गावाखालची भूमी पांढरट झाली. याच पांढरीची माती खणून लोक घराच्या धाब्यावर पसरीत, कारण ती पावसाचे पाणी चांगले अडवते. पणजोबांच्या पडलेल्या भिंतीने पणतवाचे छप्पर शाकारले जाई. गोदावरीच्या काठावर नाशिकची मातीची गढी आहे. डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तेथे उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासून मराठा अमदानीपर्यंतच्या वस्त्यांचे थर तेथे एकावर एक मिळाले. सांकळियांनी ज्या जोर्वे गावी त्याच सुमारास खोदकाम केले तेथे किंवा अशा इतर प्राचीन टेकाडांवर संशोधकांचा नेहमीचा प्रतिस्पर्धी कोण, तर घरासाठी आणि शेतासाठी पांढरी माती उकरून नेणारा गावकरी. त्याला बिचाऱ्याला आपण तीन हजार वर्षे डोक्यावरून वाहून नेत आहोत याची कल्पना नसे.

भांड्यांचेही तसेच. नाशिकच्या तांबट आळीचा लौकिक सर्वांना ठाऊक आहे. जुने फुटके भांडे ‘मोडीत’ द्यायचे, वजनाप्रमाणे त्याची किंमत वजा करून नवे घ्यायचे, हा तेथला शिरस्ता. आजीच्या लग्नातली घागर नातीच्या लग्नातल्या तपेल्यात कधी वितळून गेली हे कोणाला कळत नसे. जुनी लुगडी बोहारणीकडे जात, आणि तिच्याकडेही न खपण्याइतकी झिजलेली गोधडीत शिवली जात. मराठी घरात टाकाऊ असे फार थोडे होते. मात्र या घडामोडीला कोणी सजावट म्हणत नव्हते. ती काटकसर होती, आणि काटकसरीची वस्तू ज्या घरातून निघे त्याच घरात, नाही तर शेजारपाजारी, पुन्हा नांदे. तिचा ठावठिकाणा विचारण्याची गरज पडत नसे, कारण तो सर्वांना माहीत असे.

ही ओळख तुटली ती वाडे धडाधड कोसळू लागल्यावर. कारणे अनेक. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरूला त्याने आधार दिला हे खरे; पण महिन्याच्या दहा-पंधरा रुपयांत मालक कौले चाळणार कशी? १९९९ चा नवा कायदा येईपर्यंत दोन पिढ्या गेल्या होत्या. वारसांची संख्या वाढली, कज्जे लागले, मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी गेली. त्यात गोदामाईचे पूर. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षीच्या पुरांनी सराफ बाजार आणि त्याच्या आसपासच्या आळ्यांत पाणी घातले. मातीच्या भिंतीत एकदा पाणी मुरले की ती आतून सुटते. काही वाडे पुरात नव्हे, तर पूर ओसरल्यावर कोसळतात. आता मालक व बांधकाम व्यावसायिक करार करतात, महिन्याभरात जागा मोकळी होते, आणि पाच-सहा पिढ्यांचे घर वखारीत किलोवर नाही तर घनफुटावर मोजले जाते.

सगळ्यांच्याच नशिबी वखार आली नाही. पेशवेकालीन सरकारवाड्यात सरकारी कचेऱ्या आल्या. १८४० साली स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय दीर्घकाळ त्याच वास्तूत होते. आज तो राज्य संरक्षित स्मारक आहे. चांदवडला अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालातील लाकूडकाम अजून पाहता येते. वास्तू वापरात राहिली तर टिकते, हा साधा नियम आहे. आपल्या जुन्या चर्चना तोच लागू पडतो.

येथवरची कथा काटकसरीची झाली. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

सेमिनरीत लॅटिन शिकताना एक शब्द भेटला होता, ‘स्पोलिया’. जुन्या इमारतीतून काढून नव्या इमारतीत बसवलेल्या खांबांना, शिल्पांना, शिळांना कलेतिहासकार हे नाव देतात. शब्दाचा मूळ अर्थ मात्र सोलून काढलेले कातडे, पराभूत शत्रूच्या अंगावरून उतरवलेले चिलखत, म्हणजे लूट. रोममध्ये कॉन्स्टंटाइनच्या नावाची कमान ३१५ साली उभी राहिली, तिच्यावरची कितीतरी शिल्पे ट्राजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस यांच्या स्मारकांवरून उचललेली आहेत. पाचव्या शतकातील सांता साबिना या सुंदर चर्चचे चोवीस संगमरवरी खांब आधीच्या रोमन इमारतीतले. आणि सतराव्या शतकात पोप आठवे अर्बन यांनी पँथिऑनच्या देवडीतील कांस्य उतरवून त्यातील पुष्कळसे तोफा ओतण्यासाठी दिले. पँथिऑन त्या वेळी हजार वर्षांपासून पवित्र मरियेचे चर्च होते, तरीही. रोमच्या लोकांनी यावर चरचरीत थट्टा केली, आणि ती आजही सांगितली जाते. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचा विषय वसईचा आहे आणि त्यात आपण केवळ फिर्यादी होऊन बसू नये.

पंचवटीला गोदाकाठी नारोशंकरांचे रामेश्वर मंदिर आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ मध्ये बांधले. मंदिराच्या तटावर, नदीकडे तोंड करून, एक प्रचंड कांस्यघंटा टांगलेली आहे. ‘नारोशंकराची घंटा’ नाशिककरांच्या बोलण्यात इतकी रुळली आहे की पुराचे पाणी कोठवर आले हे सांगतानाही तिचे नाव निघते. घंटेवर १७२१ हे साल युरोपीय अंकांत आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, त्या विजयाची ही खूण, असे परंपरा सांगते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यालगतच्या घाटावर अशीच एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल असून बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया कोरलेली आहे. भीमाशंकरलाही एक आहे. वसई प्रांतातील चर्चच्या मनोऱ्यांवर ज्या घंटांनी देवदूताच्या प्रार्थनेची वेळ सांगितली, त्या सह्याद्री ओलांडून गेल्या आणि आरतीच्या वेळी वाजू लागल्या.

वसईकडून नाशिकला स्थायिक झालेल्या आपल्या काही बांधवांना ही घंटा पाहून वाईट वाटते. ती परत मागावी असे म्हणणारेही मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. लढाईच्या त्या काळात कांस्याची घंटा हाती लागली तर ती वितळवून तोफ ओतणे हा सोयीचा मार्ग होता, आणि तो आमच्या पोपमहाशयांनाही सुचला होता. मराठ्यांनी या घंटा वाजत्या ठेवल्या. मेणवलीच्या घंटेवरची मरिया कोणी तासून काढली नाही. नारोशंकराच्या घंटेवरचे साल कोणी पुसले नाही. ही विजयाची मिरवणूक होती यात शंका नाही, पण वस्तूची ओळख शाबूत राहिली. त्यामुळेच आपण आज तिच्याखाली उभे राहून मुलांना सांगू शकतो, की ही एके काळी समुद्राच्या बाजूला वाजत असे.

घंटेला साल असते. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव आणि गाव उमटवलेले असते. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला पहिला कारखाना काढला तेव्हापासूनची ही रीत. खांबाला असले काही नसते. तो मुका असतो, आणि वखारीतून बाहेर पडताना त्याची शेवटची आठवणही पुसली जाते. त्याहून मौज अशी की मागणी वाढल्यामुळे आता नव्या लाकडाला जुने करण्याचा धंदा निघाला आहे. तारेच्या ब्रशने खरवडतात, दिव्याच्या ज्योतीने काळपटवतात, साखळीने ठोकून खाचा पाडतात. यातही नवे काही नाही. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने १७८३ पासून व्हर्सायच्या उद्यानात स्वतःसाठी एक लहानसे खेडे बांधून घेतले होते. तेथील घरांच्या भिंती जुन्या भासाव्यात म्हणून त्यांवर चित्रकारांकडून तडे रंगवून घेतले होते. खऱ्या खेड्यांतील भिंतींना पडलेले तडे कशामुळे पडतात हे तिला कोणी सांगितले नसावे. १७८९ मध्ये पॅरिसमध्ये बास्तीयचा तुरुंग पडला, आणि त्याचे काही दगड सेन नदीवरील नव्या पुलात बसले. तोही जुन्या सामानाचा वापरच.

जुन्या वस्तूंशी नाते कसे ठेवावे याची दोन उदाहरणे मला फार भावतात. पुण्याचे डॉ. दिनकर केळकर (१८९६–१९९०), ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे, गावोगाव हिंडून पडक्या वाड्यांची दारे, खिडक्या, दिवे, अडकित्ते गोळा करीत राहिले. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि पुढे ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे सामान तेथे आणून तो महाल पुन्हा मांडलेला आहे, आणि तो कोठला, कोणाचा, हे पाहणाऱ्याला सांगितले जाते. दुसरे लॉरी बेकर (१९१७–२००७). जन्माने इंग्रज, पंथाने क्वेकर. कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी १९४५ मध्ये भारतात आलेले वास्तुशिल्पी. घराला लागणारे सामान पाच मैलांच्या परिसरातच मिळावे, हा महात्मा गांधींचा विचार त्यांनी आयुष्यभर उराशी धरला. तिरुवनंतपुरमच्या आर्चबिशप बेनेडिक्ट मार ग्रेगोरिओस यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी गरिबांसाठी स्वस्त घरे बांधली. स्वतःच्या टेकडीवरच्या घरात त्यांनी मोडलेल्या घरांचे कोरीव लाकूड आणि रिकाम्या रंगीत बाटल्याही वापरल्या. त्यांच्या लेखी जुने वापरणे हा थाट नव्हता. नवे झाड आणि नवी वीट वाचवण्याचा तो मार्ग होता.

गरिबांना हे शिकवावे लागले नाही. आपल्या धर्मप्रांतातील किती कुटुंबे अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतील गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आली आहेत! त्या वस्त्यांतील घरे कशाची होती? उसाच्या पाचटाची, तुराट्यांच्या कुडाची, रॉकेलचे डबे उघडून सपाट केलेल्या पत्र्यांची, पडक्या भिंतीतून वेचून आणलेल्या दगडांची. इतरांनी टाकलेल्या वस्तूंतून घर उभे करण्याची कला या लोकांइतकी कोणालाच साधलेली नाही, आणि कोणत्याही सजावटीच्या पुस्तकात तिचे छायाचित्र मी अद्याप पाहिलेले नाही.

या कुटुंबांच्या दृष्टीने वाड्याचे दार म्हणजे काय होते? नाशिकला हे वेगळे सांगावे लागू नये. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारांपुढे सत्याग्रह सुरू झाला, आणि तो काही वर्षे चालला. दारे उघडली नाहीत. मंदिराचे दार इतिहासात नोंदले गेले; गावोगावच्या वाड्यांची दारे नोंदली गेली नाहीत, पण नियम तोच होता.

काही वर्षांपूर्वी नाशिकरोडच्या बाजूला एका घराच्या आशीर्वादासाठी गेलो होतो. दिवाणखान्याच्या भिंतीला वाड्याचे जाडजूड दार उभे करून ठेवले होते. पितळी फुल्या लखलखत होत्या, कडी-कोयंडा जागच्या जागी होता. मुलाने हौसेने आणले होते. सर्व खोल्यांतून पवित्र पाणी शिंपडून झाले. आजी खुर्चीत बसून त्या दाराकडे पाहत होत्या.

“फादर, आमच्या गावात पाटलाला असंच दार होतं,” त्या म्हणाल्या. “सणाच्या दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन भाकर मागायला जायची. दाराच्या पार तिकडं उभं राहायचं. आतून बाई यायची आन्‌ वरून टाकायची. पदरात पडली तर आपली.”

मुलगा गोरामोरा झाला. “आजी, तुला नको असेल तर काढून टाकू.”

“कशाला काढतो? एवढं चांगलं लाकूड.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “तवा नुसतं बाहेरून बघितलं होतं.”

जुने लाकूड घेणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी एका वृद्ध सुताराकडून ऐकलेल्या आहेत, त्या येथे देतो. तुळईचे भिंतीत गाडलेले टोक आधी पाहावे. वरून ठणठणीत दिसणारी तुळई तेथे कुजलेली असते. हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकावा. भद्द आवाज आला तर आत पोकळ आहे. खाली ताजा भुसा पडत असेल तर भुंगा जिवंत आहे. करवत लावण्यापूर्वी खिळे शोधावेत. रंगाचे थर खरवडताना मुलांना दूर ठेवावे, कारण जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. आणि ऐपत असली तरी रंधा मारून खांब गुळगुळीत करू नये. ज्या उंचीवर माणसांचे हात टेकत आले तेथे तो आपोआप गुळगुळीत झालेला असतो.

त्या घरातील मुलगा पुढल्या आठवड्यात वखारीत जाऊन आला. दार कोणाच्या वाड्याचे, हे वखारवाल्याला आठवेना. “सिन्नरच्या अंगाचा माल होता, गाडीत दोन दारे आणि सात खांब होते,” एवढेच तो सांगू शकला. तेवढे त्याने दाराच्या मागच्या बाजूला तारखेसह लिहून ठेवले आहे, आणि त्याच्याखाली आजीच्या गावाचे नाव.